खांबेटे अजून पोर्ट हारकोर्टलाच

सिंगापुरात नळाचं पाणी जात नाही. मी इथे अकरा वर्षं आहे, एकदाही गेलेलं पाहिलं नाही. तरी बुकित बातोकला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे खांबेटे ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी सात बादल्या भरून ठेवतात. सकाळी त्या ओतून देतात, संध्याकाळी पुन्हा भरतात. "असू द्यावं, लिमये," म्हणतात. "आमच्या पोर्ट हारकोर्टला..."

हे तीन शब्द कानावर पडले की आमच्या ओळखीतली माणसं घड्याळ बघायला लागतात.

पोर्ट हारकोर्ट हे नायजेरियातलं तेलाचं शहर. तेलविहिरींना पंप आणि व्हॉल्व पुरवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम खांबेटे तिथे नऊ वर्षं सांभाळत होते. नुसतं गोदामच, पण यांच्या तोंडून ऐकलं तर अख्ख्या नायजेरियाचं तेल यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर चालायचं. मग तिथे परदेशी माणसांना पळवून नेण्याचे प्रकार वाढले, तेव्हा कंपनीने यांना बायको-मुलीसकट दोन दिवसांत उचललं आणि सिंगापूरच्या ऑफिसात आणून बसवलं. बसले, पण फक्त खुर्चीत.

या शहराचं जेवढं म्हणून वाईट आहे, तेवढं ते छाती फुगवून सांगतात. तेल तिथे पायाखाली, पण पेट्रोलसाठी पंपावर अर्धा दिवस रांग, कारण तेल कच्चंच परदेशी जातं आणि शुद्ध होऊन विकत परत येतं. वीज आली तर पाहुण्यासारखी, म्हणून दारोदार जनरेटर. विहिरीतला गॅस उघड्यावर जळत असतो आणि गावातल्या बाया त्याच्या धगीवर कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, कीस वाळवतात. एकदा मी विचारलं, यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "काहीच चालत नव्हतं हो. ते आम्ही चालवत होतो." मला वाटतं खरं दुखणं हेच. इथे सगळं आपोआप चालतं, मग खांबेट्यांना विचारतो कोण?

म्हणून स्टेशनला जायचा रस्ता ते रोज बदलतात, पाळत ठेवणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. पाळत कोण ठेवणार? खाली हॉकर सेंटरात चेकर्स खेळणारे म्हातारे? तिथे जेवायला बसले तर पाठ भिंतीला. गेल्या गणपतीला कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये यांनी भाड्याचा जनरेटर आणला. आरतीच्या मध्यावर त्याचा धूर हॉलभर झाला, अलार्म वाजला आणि आम्ही दीडशे मराठी माणसं हातात टाळ घेऊन पार्किंगमध्ये उभे राहिलो. "टेस्टिंग झालं," खांबेटे म्हणाले. "नो वहाला." म्हणजे तिकडच्या बोलीत, काही अडचण नाही.

अडचण होती, आणि ती त्यांच्या बायकोला, सुलभा वहिनींना होती. त्यांना पीआर हवा होता, इथे कायमचं राहण्याचा परवाना. नोकरीच्या पासवर राहणाऱ्याने कंपनी म्हणेल तेव्हा गाशा गुंडाळायचा असतो, आणि त्यांची मुलगी गार्गी चौथीपर्यंत तीन शाळा फिरून झाली होती. वहिनींनी फॉर्म भरला, फोटो चिकटवले, दाखल्यांच्या प्रती काढल्या. फक्त खांबेट्यांची सही राहिली, ती आठ महिने राहिली. विचारलं की म्हणायचे, "पाऊस संपू दे." इथे बारा महिने पाऊस पडतो. वहिनी बिचाऱ्या फॉर्म पुन्हा कपाटात ठेवायच्या.

त्यातच एका शनिवारी सकाळी डासांच्या अळ्या तपासणारी सरकारी बाई आली. मी तेव्हा पेपर मागायला वर गेलो होतो. अजून न ओतलेल्या सात बादल्या बघून तिच्या भुवया वर गेल्या. पाणी ताजं होतं, अळी एकही नव्हती, ती निघालीच होती. तेवढ्यात खांबेट्यांनी बिस्किटांचा पुडा आणि थंडगार, बिनदारूच्या माल्टची बाटली तिच्या हातात कोंबली. पोर्ट हारकोर्टच्या पोलीस चौक्यांवर गाडी पुढे जायची ती याच प्रसादावर, आणि गणवेश दिसला की यांचा हात अजून आपोआप पुढे होतो.

"अंकल, कॅनॉट लाह," ती बाई इथल्या लाह-लाह इंग्रजीत म्हणत दोन पावलं मागे सरकली. "धिस वन व्हेरी सीरियस."

"पप्पा, स्टॉप इट लाह," गार्गी आतून म्हणाली.

बाईने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेली. काय लिहिलं ते कळलं नाही, पण वहिनींनी त्याचा धसका घेतला. "आता कुठला पीआर," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी बोला. माझं ऐकत नाहीत."

मी चार वाजता पुन्हा वर गेलो. चांगलं खरमरीत भाषण तयार होतं. खांबेटे कॉलिंग कार्ड घेऊन फोनशी बसले होते, स्पीकर चालू.

"गॉडविन, गाडी धुतलीस?"

"धुतली, ओगा." ओगा म्हणजे साहेब.

"जनरेटर?"

"अर्धा तास चालवला, ओगा. तुमची खोलीपण झाडली."

फोन ठेवल्यावर खांबेटे माझ्याकडे न बघता बोलू लागले. गॉडविन त्यांचा ड्रायव्हर. विमानतळावर सोडायला आला तेव्हा हे त्याला म्हणाले होते, पंधरा दिवसांत येतो, घर सांभाळ. दर शनिवारी तो विचारतो कधी येता, आणि हे सांगतात, पाऊस संपला की. "सही केली तर त्याला खरं सांगावं लागेल, लिमये. वाट बघतोय हो तो."

मला कीव यायला हवी होती. राग आला. "एका ड्रायव्हरपायी बायको-पोरीला टांगून ठेवलंत? लावा फोन."

त्यांनी नंबर तीनदा चुकवला. शेवटी लागला. मोडक्या इंग्रजीत खांबेटे म्हणाले, "गॉडविन, मी येणार नाही. कधीच नाही. मी खोटं बोललो."

पलीकडे हॉर्न वाजत होते.

"मला माहीत आहे, ओगा," गॉडविन म्हणाला. घर कंपनीने पुढच्याच महिन्यात सोडलं होतं. गाडी विकली होती. गोदामवाल्याला हे कोण कळवतो? गॉडविन आता दुसऱ्याची टॅक्सी चालवत होता. "तुम्ही दर शनिवारी इतक्या काळजीने विचारायचात. धुतली म्हटलं की तुम्हाला बरं वाटायचं. म्हणून धुतली म्हणायचो."

दीड वर्ष ते दोघे मिळून एक नसलेली गाडी धूत होते, एकमेकांसाठी. मला माझ्या भाषणाची लाज वाटली.

खांबेट्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, काही न लपवता. मग वहिनींना हाक मारून फॉर्म मागवला आणि सही केली. वहिनी तो कागद छातीशी धरून आत गेल्या.

"पुढच्या शनिवारी त्याला काय विचारू हो?" खांबेटे म्हणाले. पन्नाशीचा माणूस, परीक्षा बुडाल्यासारखा बघत होता.

"मुलंबाळं आहेत ना त्याला? त्यांचं विचारा."

"तीन आहेत," ते म्हणाले. "थोरली ब्लेसिंग, यंदा सातवीत. हुशार आहे, फक्त गणिताला घाबरते. मधला जरा आजारी असतो..." आणि मी घड्याळाकडे न बघता तिसऱ्यापर्यंत ऐकत बसलो.