‘बोईट’चा डावा पाय

नंदूने माझ्या तोंडाकडे बघून कधी नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. तो आधी पायांकडे बघायचा. मग खोपटचा एसटी स्टँड असो की कुणाचा साखरपुडा, हा सरळ उकिडवा बसून माझ्या पँटीचे पाय दुमडायला लागायचा. "दोन घड्या मार, दादूस! ष्टाइल खालून चालू होते!" एकदा माझ्या सासऱ्यांच्या पायांशी असाच बसला. त्यांना वाटलं, संस्कारी मुलगा नमस्कार करतोय. त्यांचा आशीर्वाद देऊन होईपर्यंत त्यांच्या नडग्या उघड्या पडल्या होत्या. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. नंदूशी मात्र बोलली!

हा नंदू कळव्यात माझा शेजारी. घराणं खाडीत मासे मारणाऱ्यांचं, पण खाडीचं पाणी काळं पडत गेलं तसं त्याने जाळं सोडलं आणि शिवणयंत्र धरलं. जीन्सच्या पँटी शिवायच्या, मागच्या खिशावर दोऱ्याने बोईट मासा काढायचा आणि त्याखाली इंग्रजीत ‘बोईट’ लिहायचं, ही त्याची कंपनी. कंपनी म्हणजे काय, तर पत्र्याची पडवी, दोन मशिनी आणि मी. कारण मी जरा कुठे टेकलो की तो माझ्यापुढे बटणांचा डबा सरकवायचा. "शेजारी हायेस का कोन?"

आणि गंमत बघा, चालली हो कंपनी! त्या सुमारास पोरांमध्ये पँट खालून दुमडून घालायची टूम निघाली होती. डोंबिवलीच्या कॉलेजांबाहेर बघावं तिकडे बोईट. पोरांना ती परदेशी कंपनी वाटायची. जो मासा घेताना आमच्याकडे बायका अर्धा तास घासाघीस करतात, तो या पोरांनी ढुंगणावर मिरवला. नंदू काळा गॉगल लावून फिरायला लागला, अगदी देवळातसुद्धा.

मग टूम गेली. पोरांनी घड्या उलगडल्या आणि एकच बोंबाबोंब झाली. प्रत्येक पँटीचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड! एकूण एक पँट तशी. दुमडलेली होती तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे आणून पडवीत आपटले.

मी म्हटलं, "अरे शहाण्या, तू ज्या पुठ्ठ्यावरून कापड कापतोस त्यातच खोट आहे. नवीन पुठ्ठा काप, सुटलास."

"पुठ्ठा बरोबर हाय."

"दोन बोटं कमी आहे, नंदू!"

"मग त्यांना सांग, दोन घड्या मारा."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. शेवटी मीच माप घेऊन नवा पुठ्ठा कापून नेला, तर त्याने त्यावर भजी ठेवून मला खायला दिली. आडमुठेपणाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. वर्षभरात एक मशीन गेली, गॉगल गेला, गिऱ्हाईक गेलं, आणि नंदू एका शाळेचे गणवेश शिवायला लागला. त्या गणवेशाच्या पँटींचे दोन्ही पाय मात्र चोख सारखे! ते बघून तर माझं टाळकंच सटकलं. मी त्याच्याकडे जायचंच बंद केलं.

त्या दिवाळीत तो दारात उभा. "चल कल्यानला, काम हाय." नको नको म्हणताना मला ओढून नेलं. पिशवीत दोन कोऱ्या करकरीत बोईट पँटी. बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानात त्याने त्या ठेवल्या आणि मला समोरच्या रसाच्या दुकानात आणून बसवलं.

"गप रस पी. तोंड लपव."

"अरे, मेलेल्या कंपनीचा माल विकतोस कुणाला?"

तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ बंड्या त्या दुकानात शिरताना दिसला. तो कल्याणलाच मामाकडे राहून नोकरी करायचा. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय आखूड राहिलेला.

"आई त्याची चड्डीसुदा येगली शिवायची," नंदू ग्लासात बघत म्हणाला. "एकदा जत्रेत तयार पँटीसाठी लय रडला. घालून बघितली तर डावा पाय धुलीत लोलत व्हता. तवाच ठरवलं, एक तरी कंपनी त्याच्या मापाची काढायची. सगल्या दुनियेनं तीच घालायची."

"पण कंपनी बुडाली ना रे!"

"त्याला नाय म्हाईत. त्याला वाटतं, जोरात चाललीय. मी दिली तर घेत नाय, म्हनतो मला येगली शिवू नको. दर दिवालीला दुकानातशी घेतो, सगल्यांसारखी."

दोन वर्षं मी या माणसाला गाढव म्हणत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

समोर बंड्या नवी पँट घालून आरशापुढे उभा राहिला. या अंगाने बघितलं, त्या अंगाने बघितलं. दुकानातला माणूस सवयीने पाय दुमडायला खाली वाकला, तसं बंड्याने हसून त्याला थांबवलं.

नंदूने माझं मनगट घट्ट धरलं.

"बघ दादूस," तो म्हणाला, "त्याला घडी नाय लागली."