खुर्चीला बांधलेले वसंतराव

गेल्या वर्षी जूनचा पहिला रविवार, संध्याकाळची वेळ, कर्जतला आमच्या घराचा ओटा. रक्कम शून्य रुपये. हजर: मी, माझी बायको सुलभा, बारावीत गेलेली मुलगी मुग्धा, शेजारचे वसंतराव आणि वसंतरावांना बांधलेली खुर्ची.

खुर्चीचं आधी सांगतो. वसंतराव मूळचे कडावचे. साजगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करू लागले. अभ्यासाला बसताना ते कमरेला पंचा गुंडाळतात आणि त्याची दोन्ही टोकं खुर्चीच्या पाठीला बांधतात. त्या दिवशी सुलभाने शिकरण खायला हाक मारली, तेव्हा ते गाठ सोडायला विसरले आणि खुर्चीसकट आले. आमच्याकडे त्यांना वेगळी खुर्ची द्यावी लागली नाही.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"उठायचं म्हटलं की गाठ सोडावी लागते, भाऊ. सोडता सोडता मानूस सोताला इचारतो, खरंच उठायचं हाय का? निम्म्या वेळेला नायच उठायचं असतं."

मुग्धा हसून लोटपोट झाली आणि म्हणाली, "मामा, मी तुमच्याकडे येऊ अभ्यासाला?"

"ये की गं! समोरची खुर्ची रिकामीच हाय."

मी शिकवणीची फी विचारली. त्यांनी वाटी चाटूनपुसून साफ केली आणि म्हणाले, "मी शिकवनार काय? मी नुस्ता समोर बसनार. बसायची कसली फी?" असा शून्य रुपयांचा ठराव झाला. फुकटच्या गोष्टींचा मला तेव्हापासून संशय येतो.

मुग्धा हुशार आहे, फक्त सुरुवात करत नाही. अभ्यासाला बसायच्या आधी ती टेबल आवरते, मग कपाट आवरते, मग पाणी पिते, मग केस धुते. केस वाळेपर्यंत फोन बघते. फोन बघून दमते. चाचणीत गणितात नापास झाली, तेव्हा मी तिला वेळापत्रक करून दिलं. मी पतपेढीत हिशेबनीस आहे. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, उभी आडवी बेरीज जुळलेली, जेवणाचीही तरतूद केलेली. मुग्धाला ते फार आवडलं. तिने त्याला रंगीत वेलबुट्टी काढली. त्यात शनिवार-रविवार गेले.

वसंतरावांकडे वेळापत्रक नव्हतंच. "आधी बूड, मग बुद्धी," एवढंच. बूड टेकलं की जे पान आवडतं ते उघडायचं, अवघड पान नंतर. फोन स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात, तळाशी. "कोपरापर्यंत तांदूळ लागले की फोनची हौस फिटते," म्हणे. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, थांबायचं ते गणिताच्या मध्यावर.

"अर्धवट टाक," भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "पुरं करू नको. अर्धवट ऱ्हायलेलं उद्या हाका मारतं बघ."

आयुष्यात एकही बेरीज मी उद्यावर टाकलेली नाही. 

पण मुग्धा रोज जायला लागली. न सांगता. जेवताना "वसंतमामा म्हणतात" सुरू झालं. वसंतमामा म्हणतात, वही नवीन लागत नाही. हे मी पाचवीपासून सांगत होतो. मी सांगायचो तेव्हा ती कटकट होती.

मी गाफील राहिलो नाही. गादीची खुर्ची आणली, टेबलावरचा दिवा आणला. शेवटी बाजारातून एक पंचासुद्धा आणला आणि तिला म्हणालो, "बस, मी बांधतो."

"बाबा, मी काय म्हैस आहे?"

पाचव्या मिनिटाला भिंतीपलीकडे तीच म्हणत होती, "मामा, गाठ जरा घट्ट मारा ना."

"जळताय तुम्ही," सुलभा म्हणाली.

"मी निरीक्षण करतोय."

"भिंतीला कान लावून?"

निकाल लागला. गणितात चांगले गुण, पुण्याला औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळण्याइतके. मी पेढे आणले. मुग्धाने डबा उघडला आणि पहिला पेढा घेऊन शेजारी पळाली. बाप मी, पेढे माझे, आणि मी दुसरा. मीही मागोमाग गेलो. अभिनंदन करायला, असं सुलभाला सांगितलं.

"वसंतराव, हिचं झालं. तुमचा निकाल कधी?"

त्यांनी अख्खा पेढा तोंडात घातला. बोलणं टाळायचा तो एक मार्ग आहे.

"मामा बसलेच नाहीत परीक्षेला," मुग्धा म्हणाली. "एकच पेपर राहिलाय, इतिहासाचा. दरवर्षी पुढे ढकलतात."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मुलीला चालढकल सोडायला शिकवणारा माणूस स्वतः चालढकल करतो! मी खुर्ची ओढून समोर बसलो. "का हो? आधी बूड, मग बुद्धी, त्याचं काय झालं?"

वसंतराव माझ्या खुर्चीकडे बघत राहिले.

"तिथं आमची बायको सुमन बसायची," ते म्हणाले. "बाहेरून धावीला बसलेली. संध्याकाळ झाली की दोघं बसायचो, मी माझं वाचायचो, ती तिचं. पंचा तिचाच. सारखी उठायची, चुलीवर हे हाय, ते हाय. मग मीच बांधली तिला एकदा. तर हसली न् म्हनाली, आता तुमी पन बांधून घ्या." त्यांनी हातावरचा चुरा झटकला. "तिचा भूगोलाचा पेपर ऱ्हायला. त्याच्या आधीच गेली. आता मी माझा देऊन टाकला, की या टेबलाशी बसायला काय कारन ऱ्हायलं, भाऊ?"

मुग्धाने त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. हे तिला आधीच माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. या घरात काय काय बोललं जातं ते भिंतीतून सगळंच ऐकू येत नाही.

ऑगस्टमध्ये मुग्धा वसतिगृहात गेली. त्या संध्याकाळी पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण "आधी बूड" काही ऐकू आलं नाही. दोन दिवस मी सहन केलं. तिसऱ्या दिवशी माझा बिनवापराचा पंचा घेतला आणि गेलो.

"तुम्हाला कसला अभ्यास?" वसंतरावांनी विचारलं.

"तुमचा. मी प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तरं द्या. या खेपेला पेपर द्यायचा. मग एम.ए. आहेच की. टेबल काही पळून जात नाही."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग उठून माझ्यामागे आले आणि गाठ मारली. कारखान्यात काम केलेल्या हाताची गाठ. माझा फोन त्यांच्या फोनशेजारी तांदळात गेला.

मी पहिला प्रश्न वाचतोय तोच डब्यात फोन वाजला. मुग्धाची ती रोजची वेळ. दोन फोन, वाजणारा एक. मी वसंतरावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांचा असेल तर काय, या एका विचाराने मी उठलो. खुर्चीही उठली. तशीच ओढत मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिथे चौकटीत अडकलो.

"तुमचाच हाय," वसंतराव जागेवरूनच म्हणाले. "माझा एवढा मंजुळ नाय वाजत. गाठ सोडा, सावकाश."

मला हायसं वाटलं. मग त्यांच्या पडलेल्या आवाजाकडे लक्ष गेलं. गाठ सुटली, तांदळात कोपरापर्यंत हात घातला. फोन माझाच होता. बाहेर आणला, पुसला, स्पीकर चालू केला आणि कानाला न लावता त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"हॅलो, बाबा?"

"मी वसंतमामा बोलतोय गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला वाटत होता त्यापेक्षा पुष्कळच मंजुळ निघाला.

तर फीचा हिशेब असा. मुग्धाच्या त्या फोनची पहिली पाच मिनिटं. वसंतरावांना पोच. मी समोर बसून होतो, आणि सहावं मिनिट लागताच हात पुढे केला.