लोटन नानांची गाठ

लोटन नानांच्या शर्टाच्या खिशात पैसे नसत, चष्मा नसे. सुताचा गुंडा असे. सकाळी दहाच्या सुमाराला गच्चीवर यायचं, वीतभर धागा तोडायचा, हात उंच करून सोडायचा आणि तो कुठे जातो ते तोंड उघडं टाकून बघायचं, हा त्यांचा नेम. धागा रस्त्याच्या बाजूला उडाला की ते जिन्यात डोकं घालून ओरडत, "आज मिलना वारा शे! कपडा काढा!"

भेस्तानमधल्या आमच्या तीन मजली सोसायटीच्या पाठीमागेच एक डाइंग मिल आहे. वारा तिकडून आला की धुराड्याची काजळी ओल्या कपड्यांवर बसते आणि मग साबणाला दाद देत नाही. त्यामुळे आमच्या बायकांचा मोबाइलमधल्या हवामानावर विश्वास नाही, नानांच्या धाग्यावर होता.

नाना मूळचे शिरपूरकडचे. चाळीस वर्षं बमरोलीत लूम चालवले. धागा तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून लूम पुन्हा सुरू करायचा, यात आयुष्य गेलं. गच्चीवरची दोरीही त्यांनीच बांधलेली. कुणी नुसतं तिच्याकडे बघितलं तरी ते सांगत, "गाठ मनी शे. सुटाव नही." गाठ माझी आहे, सुटायची नाही. चिमट्यांचा त्यांना राग. "चिमटा कपडाले चावस," म्हणत. चादरीचं टोक दोरीवरून घेऊन ते असं काही मुरडत की वादळातही ती हलू नये.

पण वाऱ्यात चादर टाकायला दोन माणसं लागतात. नाना एकटे. मग गच्चीवर जो येईल त्याच्या हातात टोक. "धरा जरा." केबलवाला एकदा डिश दुरुस्त करायला आला, चार चादरी वाळत घालून, दोन घड्या करून गेला, डिश राहूनच गेली. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्याही हातात टोक. "साहेब, ताणा! बँकेत काय नुसते सह्याच करत होते का?"

रोज दोन चादरी, कधी तीन. सोसायटीत हसत. नानांना धुण्याचं वेड आहे म्हणत. मला मात्र कारण ठाऊक होतं. त्यांची बायको, कमलबाई, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली होती. तिला काही कळायच्या आत चादर ओली व्हायची. घरात चादरी चारच. संध्याकाळी पाचच्या आत दोन कोरड्या झाल्या नाहीत, तर रात्री तिच्या अंगाखाली घालायला काही नसे. माझी बायको सुलभा रोज सकाळी खाली जाऊन तिला कुशीवर वळवायला हात लावी. तिच्याकडून मला कळलेलं. नाना कुणाला सांगत नसत. "म्हातारीले लाज वाटस," एवढंच सुलभाला म्हणाले होते.

सगळं माहीत असूनही मी जे केलं, ते सोसायटीच्या फळ्यावर परवा तीन ओळींत लिहून लावलं. तीन ओळींत ते मावत नाही.

काही वर्षांपूर्वी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, माझ्या मुलाच्या सोयरिकीचे पाहुणे बडोद्याहून येणार होते. गच्चीवर पतंग, उंधियू, जिलेबी, असा बेत. सणाच्या दिवशी सगळे आपापल्या दोऱ्या काढून ठेवतात. नानांची तेवढी राहिली होती, गच्चीच्या अगदी मधोमध, आणि तिच्यावर दोन चादरी. धुऊनही न गेलेले पिवळे डाग त्यांच्यावर स्पष्ट दिसत होते.

मी म्हणालो, "नाना, आजच्या दिवस दोरी काढा."

"चार वाजता काढस ना साहेब. वारा झकास शे, वाळी जातीन."

"पाहुणे तीनला येतायत."

"पाहुण्यांनासुद्धा एक टोक धरायला लावू," ते हसून म्हणाले आणि कमलबाईंना जेवू घालायला खाली गेले.

मी हुकाला बांधलेली दोरी सोडायला गेलो. दहा मिनिटं झटलो. नखं दुखली, दातही लावून पाहिले. त्या माणसाची गाठ सुटेना. शेवटी पतंगाचा दोरा कापायला ठेवलेली कातर घेतली आणि गाठीच्या अलीकडे दोरी कापली.

मला वाटलं होतं, चादरी खाली पडतील, घडी करून नानांच्या दारात ठेवू. पण दोरी सैल पडताच मुरड सुटली आणि वाऱ्याने दोन्ही चादरी उचलल्या, कठड्यावरून नेल्या. आजूबाजूच्या गच्च्यांवरची सगळी माणसं पतंग कापला गेल्यासारखी एकदम ओरडली, "काय्पो छे!" पिपाण्या वाजल्या, कुणी थाळी बडवली. चादरी मिलच्या पत्र्यावर काजळीत जाऊन पडल्या.

आरडाओरडा ऐकून नाना धापा टाकत वर आले. तोवर ताण गेल्याने हुकातून सहज निघालेला गाठीचा तुकडा मी खिशात घातला होता.

"नाना, तुमची गाठ सुटली वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी लोंबणारी दोरी उचलली. तिचं टोक बोटांत धरून बघितलं. मग म्हणाले, "सुटली असेल."

पाहुण्यांना उंधियू आवडला. लग्नही झालं. मिलच्या वॉचमनने चादरी दुसऱ्या दिवशी आणून दिल्या. त्या वापरण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. उत्तरायणाच्या संध्याकाळी नानांनी स्वतःचं धोतर चौपदरी करून कमलबाईंखाली घातलं, असं सुलभाने येऊन सांगितलं. मी टीव्ही बघत राहिलो. सुलभाने घरातल्या दोन चादरी नेऊन दिल्या, तेव्हा नाना मला मुद्दाम वर येऊन धन्यवाद देऊन गेले.

त्यानंतर त्यांनी गच्चीवर दोरी बांधली नाही. खोलीतच पंख्याखाली कपडे टाकत, चिमटे लावून. पोरं जिन्यात चिडवायची, "नाना, गांठ बराबर मारजो हं!" नाना हसायचे. मीही एकदोनदा हसलो आहे.

दोन वर्षांनी कमलबाई गेल्या. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं आणि तेच खरं असेल. पण शेवटच्या पावसाळ्यात त्या खोलीत जो ओलसर वास असे, तो माझ्या नाकातून जात नाही.

मी रोज चार वाजता नानांकडे जाऊन बसू लागलो. लोक म्हणत, साहेब भला माणूस. गेल्या आठवड्यात ते मेथी निवडत बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं, "नाना, तुमची गाठ सुटली नव्हती. दोरी मी कापली."

त्यांनी काडी मोडली, पानं ताटात टाकली. "माले माहीत शे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. तुटलेल्या दोरीला तंतूंची दाढी राहते, साहेब. सुटलेल्या दोरीला वळ राहतो. त्या टोकाला दाढी बी नव्हती, वळ बी नव्हता. चाळीस वर्षं मी काय लूमवर हजामत केली का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही भांडले असते. ताई सकाळी येत होत्या. एकट्याच्यानं म्हातारी वळत नव्हती. ताईंचं येणं बंद झालं असतं, मग?"

सुलभा भांडणानंतरही गेली असती, हे मला ठाऊक आहे. पण त्यांनी ते अजमावून बघावं कशाच्या जोरावर?

मी म्हणालो, "मी फळ्यावर लिहून लावतो. सगळ्यांना कळू दे."

"लावा. पोरं लई चिडवतात."

"आणि तुम्ही मला शिव्या द्या नाना. हव्या तेवढ्या द्या. आता कसली अडचण?"

त्यांनी मेथीचं ताट बाजूला सरकवलं.

"देतो," ते म्हणाले, "आन् उद्या चारला तुम्ही नाही आले तर?"