अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडवरील स्वारीची हकीकत

आदौ बर्नरास नमन, मग परीक्षानळीस. रसायनाचे मास्तर, तमाम क्षारांचे सरलष्कर, बावीस वर्षे शाळेत अंमल करून होते, आणि त्यांचा हुकूम ऐसा की, धातूचा क्षार म्हणजे आयनिक बंध; धातूने आपले इलेक्ट्रॉन अधातूस कायमचे इनाम द्यावे; इलेक्ट्रॉन सामाईक ठेवणे, म्हणजे सहसंयुज बंध, तो अधातूंनी आपसांत करावा, धातूने त्या वाटेस जाऊ नये. मग शेवटच्या बाकावरील मुलगी उत्तरपत्रिका घेऊन हुजुरात आली. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा बंध तिने सहसंयुज लिहिला होता, आणि मास्तरांनी त्यावर लाल फुली मारिली होती, आणि त्या एका गुणाने ती नापास जाहली होती.

"सर, तीन-तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकणं जड जातं हो त्याला. तो वाटूनच घेतो," ऐसे ती बोलिली.

मास्तरांची तळपायाची आग मस्तकास गेली आणि फर्मान सुटले की, क्षार वितळवावा, त्यात दोन तारा सोडाव्या. वीज वाहोन दिवा लागला तर आयनिक, न लागला तर गुण बहाल. मग प्रयोगशाळेच्या बाईंनी नवी सीलबंद बरणी काढिली, धूर ओढणारे कपाट चालू केले, बर्नर, बॅटरी, दिवा ऐसा सरंजाम मांडिला, आणि मास्तर खासा आघाडीस उभे राहोन दोन्ही तारा भाल्यांसारिख्या रोखोन राहिले, की गनीम पातळ होताच भोसकावा.

गनीम पातळ जाहलाच नाही. त्याने वाफ होऊन तळ सोडिला आणि नळीच्या थंड गळ्याशी जाऊन पुन्हा पांढरा होऊन बैसला; आणि इतक्या थोड्या आंचेवर उडोन जाणे हे आयनिक क्षाराचे लक्षण नव्हे. मास्तरांनी रिकाम्या बुडात तारा खुपसल्या. दिवा लागेना. मग बॅटरी बदलिली, मग दिवाही बदलिला. हात दाखवोन अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाई, हे वर कसं चढलं?"

"मागच्या सरांच्या वेळी दरवर्षी चढायचं. नळ्या मीच घासायचे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

आणि खरेच, बावीस वर्षांत मास्तरांनी हा क्षार वहीतून शिकविला होता, तापविला कधीच नव्हता.

मग मास्तरांनी सर्वांदेखत फुली खोडोन गुण बहाल केला, आणि जुन्या हुकुमात 'बहुधा' हा शब्द घातला. नगारे वाजले नाहीत, तास संपल्याची घंटा वाजली. मुलगी पास होऊन उड्या मारीत गेली. मास्तर मात्र बसोन राहिले, आणि हेच उत्तर पूर्वी आणखी किती जणांनी लिहिले असेल आणि ती मुले आता कोठे असतील, ते आठवू लागले. एकही नाव आठवेना, आणि जिवास फार लागले.

येणेप्रमाणे मास्तरांवर फत्ते जाहली. लिहिणार खुद्द मास्तर. लेखणी तीच, लाल.