लोपीसकाकांचं सोवळं

लोपीसकाकांचा मोबाईल सोवळ्यात असतो. मेट्रो स्टेशन असो, दवाखाना असो की विमानतळ, फुकटच्या वायफायला काका तो शिवू देत नाहीत. काका मूळचे वसईचे ख्रिश्चन, सगळी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारात झाली. मुनिरक्यात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. "लहानपणी शेजारच्या जोशीआजी सोवळ्यात असल्या की मला जवळ येऊ द्यायच्या नाहीत," ते सांगतात. "आजींचं माणूस ओळखण्यात चुकलं, यार. पद्धत बिल्कुल बरोबर होती."

त्यांचा नियम साधा आहे. बातम्या ओवळ्यात चालतील, बँक आणि पासवर्ड सोवळ्यात, म्हणजे स्वतःच्या डेटावर. हॉटेलात गेले की मेन्यूआधी ते वेटरला विचारतात, "तीन-तीन नाम दिख रहे हैं, इनमें आपका वाला कौन सा?" आणि उत्तर मिळालं तरी ते जोडत नाहीत. मी मात्र जोडतो. मग जिन्यात भेटल्यावर काका हात धुतलेस का असं विचारावं तसं विचारतात, "नाव पुसलंस का फोनमधून? नाहीतर पुढच्या वेळी तो आपणहून जाऊन चिकटेल."

मी कधीच पुसलेलं नसतं. माझा सगळीकडे एकच पासवर्ड होता, मुलीचं नाव. ते मी रोज बाल्कनीतून हाक मारून अख्ख्या मुनिरक्याला ऐकवत असे. हे काकांना कळल्यापासून त्यांची पावलं वाजली की मी दाराआड थांबायचो आणि ते खाली उतरले की बाहेर पडायचो.

गेल्या महिन्यात मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. पाच वाजता साइट बंद होणार, आणि चारला घरचं नेट गेलं. मोबाईलचा डेटा मी सकाळीच क्रिकेट बघण्यात संपवला होता. लॅपटॉप घेऊन मी गल्लीतल्या चहाच्या दुकानात धावलो.

तिथे एक नेटवर्क उघडं दिसलं. नाव होतं 'जेवलात का'.

दिल्लीत राहणारा मराठी माणूस इथेच फसतो. इंग्रजी नावाचं असतं तर मी निदान दोन सेकंद थांबलो असतो. पण इतक्या आपुलकीनं विचारणारा माणूस चोर कसा असेल? मी जोडलं, साइट उघडली आणि पासवर्ड टाकायला बोट उचललं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून लोपीसकाका उठले. हातात मोबाईल, चेहरा नुसता फुललेला. दुकानात बसलेल्या पोरापोरींवरून नजर फिरवत ते मोठ्यानं म्हणाले, "कोण जोडलं गेलं आत्ता? कुठलं गाव, बेटा?"

मी हात वर केला. "मीच आहे, काका."

त्यांचा चेहरा उतरला. "तू होय," म्हणाले आणि खाली बसले.

आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांना झापायची संधी मिळाली होती. "काका, अहो, बिनपासवर्डचं? सोवळ्याचं काय झालं?"

ते मोबाईलकडे बघत म्हणाले, "तुझी फिलोमिनाकाकू गेल्यापासून घरात मराठी नाही रे. तुमची मुलं हिंदीत उत्तरं देतात. मुनिरक्यात इतके विद्यार्थी राहतात, म्हटलं एखादं तरी आपल्याकडचं असेल. हे नाव वाचून दुसरं कोण येणार? रोज तासभर इथे बसून मोबाईलचा हॉटस्पॉट उघडा ठेवतो."

"कुणी आलं?"

"आज तू."

मी दाराआड थांबायचो ते त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला फार लाज वाटली.

काकांनी लगेच नेटवर्कला पासवर्ड लावला, तो माझ्या कानात सांगितला आणि पाठ फिरवून बसले, माझा दिसू नये म्हणून. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला. मी लॅपटॉप मिटला.

"गेला ना? चलो, अच्छा झालं," काका म्हणाले. मी उठतोय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी घाईघाईनं शेजारची खुर्ची ओढली. "बस ना दोन मिनिटं. नेटविषयी एक अक्षर बोलणार नाही."