वाघाच्या दारातली उलटी पाटी

एका जंगलात गुहा फार, आणि प्रत्येक गुहेला एक रखवालदार. आत कोण आहे, जागा आहे की झोपलेला, भुकेला की पोट भरलेला, हे त्याने बाहेर पाट्यांवर दाखवायचे. त्या वाचून बाकीच्यांनी आपापली वाट धरायची. मुलांनो, व्यवस्था चांगली होती. निदान मला तरी तसे वाटते.

पण पाट्या लावायची रीत ज्याची त्याची. अस्वलाचा रखवालदार आधी दार उघडी आणि मग पाटी शोधत बसे. तोवर पाहुणा आत गेलेला असे. कोल्हा परमुलखात निघून गेला, तरी 'कोल्हा घरी आहे' ही पाटी लटकतच राहिली.

शेवटी हत्ती राजाने साळिंदराला बोलावले. साळिंदर शिकलेला. पसारा दिसला की त्याचे काटे उभे राहत. त्याने नियम केला: एका गुहेच्या सगळ्या पाट्या एकाच चौकटीत बसवायच्या. दार उघडण्याआधी चौकट टांगायची आणि गुहा रिकामी झाली की ती उतरवायची. रखवालदार कुरकुरले, पण काम कमी झाले म्हटल्यावर गप्प बसले.

असे करत साळिंदर वाघाच्या गुहेशी आला. तिथे हुप्या वानर रखवालदार होता. आत वाघ घोरत होता आणि पाटी म्हणत होती, 'जागा आहे'.

"अरे, ही उलटी आहे."

"पहिल्यापासून उलटीच आहे, शास्त्रीबुवा. कुणाची तक्रार नाही."

"तक्रार नाही म्हणून चूक बरोबर ठरते का?"

हुप्याने डोके खाजवले. साळिंदराने पाटी सरळ केली, यापुढे खरे तेच दाखवायचे असे बजावले आणि तो समाधानाने घरी गेला.

पाणवठ्याची वाट नेमकी वाघाच्या दारावरून जाई. दुसऱ्या सकाळी टुणकी सशीण तहानलेली पिल्ले घेऊन आली. 'जागा आहे' दिसले की निघायचे, असे तिच्या आईने शिकवले होते. पाटीवर 'जागा आहे' होते. ती निघाली.

वाघ खरोखरच जागा होता.

टुणकी वाचली, कारण वाघालाही सवय नव्हती. तो जागा असताना त्याच्या दारावरून आजवर कुणी गेलेच नव्हते. तो दचकला, तेवढ्यात टुणकी पिल्लांसह करवंदीच्या जाळीत शिरली. शेपटीचा गोंडा मात्र वाघाच्या पंजात राहिला.

दरबार भरला. पाटी खरी होती, एवढेच साळिंदर पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"खरी होती म्हणूनच मरत होते, भाऊ," टुणकी म्हणाली. "खोटी होती तेव्हा आम्ही सुखाने पाणी पीत होतो."

राजाने वाघाची पाटी पुन्हा उलटी करवली. कुणी परत शहाणपणा करू नये म्हणून तिच्याखाली दुसरी लावली: 'वरची पाटी उलटी आहे. सुधारू नये.'

काही दिवसांनी दुसऱ्या जंगलातून एक हरिण आले. त्याने दोन्ही पाट्या नीट वाचल्या आणि विचारले, "ही खालची सरळ आहे, की हीसुद्धा उलटी?"

ते सांगायला हल्ली साळिंदर तिथे बसतो. गवताआड, वाघापासून जरा लांब.

तात्पर्य: चूक नवी असेल तर सुधारावी, जुनी असेल तर तिला नमस्कार करावा, कारण तिच्यावर कुणाचे तरी पाणी चाललेले असते. मुलांनो, मोठेपणी संगणकाच्या पोटातले ड्रायव्हर, म्हणजे तिथल्या एकेका भागाच्या पाट्या लावणारे रखवालदार, साफ करायला बसलात, तर चौकटी खुशाल बदला. पाटीवरचे खोटे मात्र जपून ठेवा. मी तरी ठेवले असते, बहुधा.