बाहेरून चाललं पाहिजे

मुंजाभाऊंनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं. मी नाशिकहून परभणीच्या कॉलेजात नवीन शिकवायला आले होते. तिथली लॅब सांभाळणाऱ्या मुंजाभाऊंनी खुर्ची पुढे करून नम्रपणे विचारलं, "म्याडम, गंगाखेड आपल्या उत्तरेला ना?" मला गंगाखेड कुठे आहे याचा पत्ता नव्हता. नवीन जागी कशाला वाद, म्हणून मी "हो" म्हटलं.

"दक्षिणेला हाय," ते म्हणाले आणि निघून गेले. पुढचे चार दिवस त्यांनी मला प्रिंटरच्या खोलीची चावी दिली नाही.

हा माणूस भेटेल त्याची अशी परीक्षा घेतो. भाजीवाल्यापुढे पालकाची जुडी धरून "मेथी कशी दिली?" विचारणार. तो "वीसला दोन" म्हणाला की त्याच्याकडून खरेदी बंद. एसटी स्टँडच्या खिडकीवर त्यांनी एकदा पालमच्या गाडीला बोगदा किती मोठा लागतो ते विचारलं. त्या वाटेवर बोगदाच नाही. आतून "लय मोठा" असं उत्तर आल्यावर त्या महिन्यात ते गावी राणीसावरगावला मोटारसायकलने गेले. "ज्याला माहीत न्हाई म्हणायला येत न्हाई, त्याच्या माहीत हाय म्हणण्याला काय किंमत?" हे त्यांचं तत्त्वज्ञान.

हे खूळ लागलं ते आमच्या सर्व्हरपायी. जिवांच्या पेशीतली माहिती चार अक्षरांच्या लांबच लांब ओळीत लिहिता येते. अशी ओळ कॉम्प्युटरला दिली की ती कोणत्या जिवाशी जुळते ते तो सांगतो. ही सोय परदेशी संकेतस्थळांवर फुकट मिळते, पण आमच्या नेटवर पान उघडेपर्यंत तास संपायचा. तेव्हा मुंजाभाऊंनी ठरवलं की हे सगळं आपल्याच सर्व्हरवर बसवायचं. माहिती उतरवून घ्यायलाच तीन आठवडे लागले. एक भाग बसवला की तो दुसरा मागायचा, दुसरा बसवला की पहिला रुसायचा. उद्घाटनाला आमचे विभागप्रमुख नारळ घेऊन आले, तर यांनी त्यांना दारातच अडवलं. "नारळ बाहीर फोडा साहेब. आत पाणी चालत न्हाई."

मग रोजची तपासणी सुरू झाली. आधी शेळीची ओळ द्यायची आणि उत्तर शेळीच आलं पाहिजे. "आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या. मला फसवू शकत न्हाई." मग मुद्दाम वेडीवाकडी अक्षरं द्यायची आणि सर्व्हरने "सापडलं नाही" म्हटलं पाहिजे. एकदा अशा कचऱ्याला त्याने "भात" असं उत्तर दिलं, तर मुंजाभाऊंनी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवलं.

एवढ्यानेही त्यांचं समाधान नव्हतं. "घरात चालायलंय म्हणजे चालायलंय असं न्हाई म्याडम. बाहीरून चाललं पाहिजे." बाहेरची तपासणी त्यांची मुलगी राधिका करायची. ती पुण्याला फार्मसी शिकते. रोज संध्याकाळी पाचला ती पान उघडून ओळ टाकायची आणि फोन करायची.

"काय आलं?"

"शेळी."

"कचरा टाकलास?"

"टाकला. सापडलं न्हाई म्हणालं."

"बरं. जेवलीस का दुपारी?"

"हो बाबा."

"ठेव मग."

मला त्या पोरीची दया आली. अभ्यास सोडून रोज शेळी कसली ओळखायची! मी माझी हुशारी पणाला लावून एक प्रोग्राम लिहिला. तो मुंबईतल्या भाड्याच्या मशीनवरून दर मिनिटाला आमचा सर्व्हर तपासणार आणि निकाल आम्हा दोघांच्या मोबाईलवर पाठवणार. मुंजाभाऊंनी त्याची दोन दिवस कसून परीक्षा घेतली. तो पास झाला. "लय भारी केलं म्याडम. आता राधिकाला तरास न्हाई," ते म्हणाले, पण चेहरा पडलेला होता. मला वाटलं, दमले असतील.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. मग रोज बरोबर पाचला माझ्या मोबाईलवर निरोप यायला लागला: सेवा बंद. दहा-बारा मिनिटांनी: सेवा चालू. वीज गेलेली नसायची. तिसऱ्या दिवशी मी सर्व्हरची नोंद उघडली. कोणीतरी पासवर्ड टाकून सेवा हाताने बंद करत होतं. पासवर्ड एकाच माणसाकडे होता.

मी तावातावाने पाचला सर्व्हरच्या खोलीत गेले. मुंजाभाऊ फोनवर बोलत होते. "उघडत न्हाई का? थांब, बघायलोय. फोन ठेवू नको." एका बोटाने एकेक अक्षर दाबत होते आणि मधेमधे विचारत होते, "खोकला थांबला का? पंखा नीट केला का हॉस्टेलवाल्यांनी?"

मला पाहून त्यांनी फोनवर हात ठेवला.

"मीच बंद करायलोय. बंद पडलं की तिला फोन लावता येतो," ते म्हणाले. या माणसाला खोटं उत्तर द्यायला येतच नाही. "तिची माय होती तवर फोन मायलाच यायचा. दोगी तासतासभर बोलायच्या. ती गेल्यापासून पोरीला काय इच्यारावं ते मला कळत न्हाई, म्याडम. हे इच्यारता येतं."

मला माझ्या हुशारीची फार लाज वाटली.

"मुंजाभाऊ," मी म्हटलं, "त्या प्रोग्रामवर विसंबू नका. तो कधीकधी शेळीला मेंढी म्हणतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. दोन दिवस त्यांनीच तर तो तपासला होता. मग हात काढून फोनवर म्हणाले, "राधिका, म्याडम म्हणायल्यात, बाहीरून माणसानंच बघावं लागंल. रोज."

"मी कुठं सोडलंय बाबा?" तिचा आवाज मलाही ऐकू आला. "रोज पाचला उघडतेच की. तुमीच फोन नको म्हनलात."

समोर पडद्यावर सेवा चालू झाल्याचं स्पष्ट लिहून आलं होतं. मुंजाभाऊंनी ते वाचलं, खुर्ची जवळ ओढली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांब," ते म्हणाले, "आजून चालू व्हायली न्हाई."